चांगुणाआत्याची पंधरा माणसं

कुठल्याही देशाची बाजू घेण्याआधी चांगुणाआत्या एकच प्रश्न विचारते, "मास्तर, तिकडं भात होतं का?"

जपानात होतं म्हटल्यावर जपान आपला. फिजीत होतं, म्हणून फिजीचे ते दाराएवढे रुंद गडीही आपले. उरुग्वे नावाचा देश नक्की कुठे आहे हे आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांना सांगता यायचं नाही, पण तिथं भात होतं हे कळल्यापासून शेणव्यात, म्हणजे आमच्या गावात, त्या देशाला हक्काचं एक माणूस आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला थोडं होतं असं मी म्हणालो, तर आत्यानं तिथल्या तिथं निकाल दिला, "थोडं होतं तर थोड्या टाळ्या." इंग्लंडचं नाव निघालं की मात्र ती मान फिरवते. "बटाटे खानारी मानसं ती. खेळूं दे बापडी."

हा खेळ रग्बीचा, आणि आत्या आमच्या शेजारची. सत्तरी ओलांडलेली, काटक, आवाजानं खणखणीत. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो. आत्याच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. रेंज येते ती आमच्या ओट्यावर, शेवग्याच्या झाडाकडच्या खांबापाशीच. त्यामुळे सामना असला की संध्याकाळी आत्या स्वतःची खुर्ची घेऊन येते, फोन खांबाला टेकवते आणि पदर खोचून बसते. माझी बायको मीना चहा टाकते. अशा वेळी कुणी मला हाक मारली, तर माझ्याआधी आत्याच ओरडते, "मास्तर कामात हायत!"

हे वेड तिला लागलं टोकावड्याला. बहिणीकडून परतताना एसटीची वाट बघत ती ढाब्यावर बसली होती. भिंतीवरच्या टीव्हीत दोन्हीकडचे दांडगे गडी खांद्याला खांदा भिडवून, माना खाली घालून एकमेकांना रेटत होते. आत्याला वाटलं, गाळात म्हैस रुतली आहे आणि सगळं गाव मिळून तिला काढतंय. "मी म्हटलं, म्हस निघाली की जाऊ. दोन एसट्या गेल्या मास्तर, म्हस काय निघना!" शेवटी त्या ढिगाखालून लहानशा फणसाएवढा चेंडू बाहेर आला. दुसरं कोणी असतं तर हसून उठलं असतं. आत्या हरखून बसून राहिली. इतकी माणसं एकाच जागी एका कामाला लागलेली तिनं बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. आजही पंचानं त्यांना तसं रेटायला लावलं की ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं जाहीर करते, "रुतली परत म्हस!"

हा खेळ आता जगभर पसरतो आहे म्हणतात. कधी नाव न ऐकलेले देश त्यात उतरतात, आणि त्याचा सगळा भार माझ्यावर पडतो. नवा देश आला की मला शाळेतला पृथ्वीगोल घरी आणावा लागतो. आत्या त्यावर आधी शेणवं शोधते. ते सापडत नाही. मग "हितंच कुटंतरी" म्हणून ती बोट टेकवते आणि तिथून निघून, सावकाश समुद्र ओलांडत, चिलीला नाहीतर सामोआला पोचते. नवा संघ सपाटून मार खात असला की ती फार मायेनं बघते. "पहिल्यांदाच पंगतीला बसलेत. शिकतील," म्हणते. जिंकणाऱ्यांशी तिला काही देणंघेणं नसतं. बाहेर अंधारून येतं, भातखाचरांवरचं धुकं हळूहळू ओट्याच्या पायरीपर्यंत चढतं, आणि फोनच्या उजेडात आत्या कुठल्या तरी लांबच्या बेटावर एकटीच हिंडत असते. मला तिला हाक मारवत नाही.

खेळाडूंची नावं तिला येत नाहीत. तिनं आपली ठेवली आहेत. देश कुठलाही असो, नऊ नंबर सुभ्या आणि दहा नंबर वसंता. तीन नंबरला कायम शेवंता. ती बहुधा सव्वाशे किलोची आणि दाढीवाली असते. "शेवंते, वाक! कंबर गेली काय गो?" ही आरोळी आता आळीतल्या कुत्र्यांनाही पाठ झाली आहे. अशी चौदा जणांना नावं आहेत. सगळ्यांच्या मागे, मोकळ्या गवतात, एकच गडी उभा असतो. त्या पंधरा नंबरला मात्र नाव नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "हाय कोनतरी." मग मी जरा लाडात येऊन विचारलं, "आणि मी कितवा, आत्या?"

"तुमी मास्तर. तुमी बांधावर."

नियम तिला एकच पक्का ठाऊक आहे. चेंडू हातानं द्यायचा तो मागच्यालाच द्यायचा, पुढं टाकायचा नाही. त्यावर तिचा फार जीव. "न बगता मागं देतो बगा! मागं आपलं मानूस हाय म्हनून देतो. नायतर कोन देल?"

ही नावं तिनं अशीच मनानं ठेवली असतील, असं मी समजत होतो. मग चैत्रात एक दिवस डोंबिवलीहून एक गृहस्थ आले. पोट सुटलेलं, एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत येताना चारदा थांबलेले. आत्यानं ओळख करून दिली, "हा आमचा वसंता. दहा नंबर."

गृहस्थांना काही कळलं नाही. मला सगळं कळलं. वसंता म्हणजे आत्याच्या भावाचा थोरला मुलगा. आत्याचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला, ती माहेरी आली आणि भावाची पोरं वाढवण्यात तिचं आयुष्य गेलं. तेव्हा या घरची भातलावणी पंधरा जणांची असे. वाकून रोप लावत सगळ्यांनी मागं मागं सरकायचं आणि हातात जादा झालेली रोपांची मूठ न बघता मागच्याकडे फेकायची. ती माणसं एकेक करून कल्याण, ठाणे, डोंबिवलीकडे गेली. काही आणखी लांब गेली, तिथून कोणी परत येत नाही. आत्यानं त्या सगळ्यांना परत रांगेला उभं केलं होतं, आमच्या खांबाला टेकवलेल्या फोनमध्ये.

वसंता आला होता खाचराचं बोलायला. माणूस वाईट नाही, पण कंटाळला होता. "आत्या, मजूर मिळत नाय, आमाला रजा मिळत नाय. फार्महाउसवाले विचारतायत. देऊन टाकू आता."

"घरच्या मानसांनी येऊन लावणी केली तर?"

वसंता हसला. "झाली तर या सालापुरता विषय बंद."

तेव्हापासून आषाढापर्यंत प्रत्येक सामन्याच्या मध्यंतरात आत्या फोन लावायची. "शेवंते, येशील ना गो? सुभ्या, दोनच दिवस रे!" पलीकडून सगळे "बघू" म्हणायचे. आत्याला ते "येतो" असं ऐकू यायचं. मला तिची काळजी वाटू लागली होती.

लावणीच्या दिवशी पाच जण आले. शेवंता आली. ती खरंच तीन नंबरच्या अंगाची निघाली, दाढी तेवढी नव्हती. नऊ नंबरचा सुभाष बायकोला आणि दोन बहिणींना घेऊन आला. वसंताचा फोन आला, ऑफिसात तपासणी आहे. आत्या "बरं" म्हणाली आणि चिखलात उतरली. मी छत्री घेऊन, इस्त्रीची पँट सांभाळत, नेमून दिलेल्या जागी म्हणजे बांधावर उभा राहिलो. मीना कधीच साडी खोचून आत गेली होती.

दुपार कलली तरी अर्धं खाचर रिकामंच होतं. त्यातल्या पाण्यात नुसतं आभाळ पडलं होतं. आत्या सगळ्यांत मागं, वाकलेली. हातातली मूठ जादा झाली, तशी तिनं ती न बघता मागं फेकली.

मागं कोणीच नव्हतं. मूठ पाण्यात पडली. आत्यानं वळून पाहिलं नाही. ती तशीच वाकून राहिली, पण तिचा हात थांबला.

मी छत्री तिथंच टाकली आणि उतरलो. गुडघाभर चिखलातून जाऊन ती मूठ उचलली.

"कोन?" आत्यानं तशीच वाकून विचारलं.

"मी, मास्तर."

तिचा हात परत चालू लागला. मग म्हणाली, "मग हुबा काय ऱ्हायलास? लाव." त्या बाईनं मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

दिवस बुडेपर्यंत खाचर भरलं. माझी ओळ सापासारखी वाकडी गेली, पण गेली. वसंताला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "सगळी झाली? बरं. या साली ऱ्हाऊं दे."

त्या संध्याकाळी सामना होता. कंबरेला शेक घेत आम्ही ओट्यावर बसलो. भात होणाऱ्या देशाचे गडी हरत होते. खेळ संपत आला तसा एक राखीव गडी अडखळत मैदानात आला, आणि आत्या ओरडली, "उतरला बग आमचा मास्तर!"

एवढ्यात पलीकडच्यांनी चेंडू उंच मारला. तो वर गेला, दिव्यांच्याही वर, आणि खाली येऊ लागला, त्या मागच्या एकट्या पंधरा नंबरकडे. समोरून सगळी फौज त्याच्यावर धावत होती. आत्यानं खांब घट्ट धरला.

"धर गो चांगुणे," ती अगदी हळू म्हणाली. "मागं कोन नाय."

मी उठलो, माझी खुर्ची उचलली आणि तिच्या मागे नेऊन ठेवली.