साहेब आपलाच माणूस

हवालदार भरमूची रजा मंजूर झाल्यातच जमा होती. अर्ज तेवढा करायचा राहिला होता!

कारण बेळगावात त्याच्या कंपनीला नवे कमांडर आले होते मेजर सुहास. आणि हा सुहास म्हणजे शहापूरच्या शाळेत भरमूच्या बाकावर बसलेला, सुट्टीत त्याच्या खानापूरकडच्या गावी मुक्काम ठोकून असलेला जिवाभावाचा दोस्त. त्यात यंदा गावात लक्ष्मीची जत्रा. ती काही दरसाल भरत नाही. मागची भरली तेव्हा भरमू सरहद्दीवर बर्फ तुडवत होता. "यंदा देवीचा गाडा ओढायला आला न्हाईस, तर मला तोंड दावू नको," असं आईनं बजावलं होतं.

"साहेब आपलाच माणूस हाय," भरमूनं बराकीत जाहीर केलं.

झालं! लंगरात त्याच्या ताटात मटणाच्या नळ्या पडू लागल्या. टीव्हीसमोरची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी राहू लागली. चिकोडीकडच्या शामूनं तर त्याचे बूट पॉलिश केले आणि, अण्णा, माझ्या रजेचंबी बघा, म्हणून हळूच सांगून ठेवलं. मग रोज कोणी ना कोणी येई, आणि भरमू कोणालाच नाही म्हणेना. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्याला उतरायचं सुचत नाही.

आता शब्द दिला म्हणजे वजन दाखवणं आलं. सकाळी परेडला मेजरसाहेब रांग तपासत भरमूपुढं आले, तेव्हा हा गडी ताठ उभ्या उभ्या, शेजारच्यांना नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "काय सुहास, बरा हाईस न्हवं?"

शेजारच्यांना ऐकू गेलं. सुभेदारांनाही गेलं. दुपारपर्यंत कर्नलसाहेबांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी मेजरसाहेबांना चहाला बोलावून, तुमच्या कंपनीत दोस्तांना वेगळे नियम आहेत का, असं अगदी गोड आवाजात विचारलं.

संध्याकाळी भरमूला बोलावणं आलं.

"भरम्या, तुला रजा दिली तर लोक म्हणतील, दोस्त म्हणून दिली," साहेब म्हणाले. "नाही दिली तर कोणी काही म्हणणार नाही. आता तूच सांग, मी काय करू?"

भरमूनं खिशातून अर्धवट काढलेला अर्ज परत आत सारला.

बाकी मागेल त्याला रजा मिळाली. शामूच्या गावात तर जत्राही नव्हती. तरी तो भरमूच्या पाया पडून रजेवर गेला. स्वतःची सोडून दुसऱ्याची कामं करणारा देवमाणूस, अशी बराकीत ख्याती झाली. देवमाणसाला रात्री जेवण गोड लागेना.

शेवटचा उपाय म्हणून त्यानं आईला साहेबांना फोन करायला लावलं. तिच्या हातचं खाऊन वाढलाय, तिला नाही कसं म्हणेल? पण आई पडली रीतीभातीची. जत्रेच्या दिवसांत कामाचं बोलण्याआधी आमंत्रण द्यायचं असतं. तिनं दिलं. साहेब विरघळून म्हणाले, मावशी, सहकुटुंब येतो. त्या आनंदात भरमूच्या रजेचं काढायचं राहूनच गेलं.

जत्रेदिवशी भरमू फाटकावर पहाऱ्याला होता. साहेबांची गाडी आली. साहेब झब्ब्यात, शेजारी बाईसाहेब जरीच्या साडीत. भरमूनं फाटक उघडून कडक सलाम ठोकला, आणि त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

पहारा बदलल्यावर त्यानं घरी फोन लावला. आई भलतीच खुशीत होती. गाडा ओढायला त्याच्या जागी सुहास लागला होता म्हणे, अख्खं गाव बघत राहिलं.

"लई भला हाय रं," आई म्हणाली. "असा दोस्त असल्यावर तुला कसली काळजी?"

भरमू व्हय म्हणाला.

तिन्हीसांजेला गाडी परतली, तेव्हा भरमू पुन्हा फाटकावर होता. साहेबांनी काच खाली करून भला मोठा डबा बाहेर काढला. आईनं भरमूसाठी म्हणून दिलेलं जत्रेचं मटण! भरमूचा हात पुढं झालाच होता, एवढ्यात साहेबांना मागं उभे असलेले सुभेदार दिसले. डबा तिकडं वळला.

"गार्डवरच्या सगळ्यांना सारखं वाटा," साहेब म्हणाले. "आमच्या कंपनीत आपला-परका चालत नाही."

सुभेदार मोठे न्यायी. दोस्तावर मेहरबानी केली असं दिसू नये, म्हणून त्यांनी भरमूला सगळ्यांत शेवटी वाढलं. तोवर डब्यात रस्सा उरला होता.

रस्सा मात्र झकास झाला होता, असं सगळेच म्हणाले.