शेषराव शेकरूचा जबाबदारीचा दाखला

एका जंगलात, बाळांनो, एक फार उंच बेहड्याचं झाड होतं. त्याच्या शेंड्यावर शेषराव शेकरू राहत होते. शेकरू म्हणजे काय, ठाऊक आहे ना? खारीचं थोरलं भावंड. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट. खार जमिनीवर उतरते. शेकरू सहसा उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारली की त्याचं सगळं भागतं.

शेषरावांचं घरटं त्यांच्या वडिलांनी बांधलेलं होतं. झाड आजोबांनी हेरलेलं होतं. शेषराव मात्र म्हणत, "मी माझ्या कष्टानं इतका वर आलो." ते जन्मलेच शेंड्यावर. त्यामुळे ते वर नेमके कुठून आले, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

रोज संध्याकाळी आजूबाजूच्या फांद्यांवर पोपट, वानरं आणि हरोळ्या, म्हणजे हिरवी कबुतरं, जमत. शेषराव खाली बोट दाखवून बोलत.

"ही मंडळी गरीब का आहेत, सांगू?" ते विचारत. "एक तर आळशी. दुसरं, पोरं किती, याला धरबंध नाही. आणि तिसरं, स्वतःच्या पोटाला नाही, पण त्या वारुळोबाला रोज मूठभर दाणे वाहतात! असा देव असल्यावर आणखी काय होणार?"

"अगदी खरं," पोपट म्हणत.

खालची मंडळी म्हणजे घुशी, चिचुंद्र्या, रानउंदीर. शेषरावांना वरून ती एकसारखीच दिसत. एकदा त्यांच्या हातून निसटलेलं जांभूळ एका घुशीनं उचललं होतं. तेव्हापासून सगळ्या घुशी चोर होत्या.

शेषराव स्वतः रोज पहाटे पहिलं फळ सूर्याच्या दिशेनं फेकत असत. पण तो धर्म नव्हता, बरं का. ती परंपरा होती.

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. पाणवठा आटत आला. पंचायतीचे अध्यक्ष अस्वलतात्या चिंतेत पडले. त्यांनी झाडाखाली येऊन शेषरावांचा सल्ला विचारला.

शेषराव म्हणाले, "सोपं आहे. पाणी फक्त जबाबदार प्राण्यांना द्यावं."

"जबाबदार कोण, ते कसं ओळखायचं?"

"अर्ज भरून घ्यावा. प्रश्न मी काढून देतो."

आणि शेषरावांनी खरंच प्रश्न काढून दिले. वानरांनी ते पळसाच्या पानांवर उतरवले. एका पानावर एक अर्ज, अशी दोनशे पानं झाली. पाणवठ्यावर एका मुंगसाला कारकून म्हणून बसवलं. जो अर्जात पास होईल त्याला दाखला मिळायचा. दाखला असेल त्याला पाणी.

पहिल्याच दिवशी ठमाबाई नावाची घूस नापास झाली. तिला नऊ पोरं होती. "इतकी का?" या प्रश्नाला ती म्हणाली, "झाली." हे उत्तर पुरेसं मानलं गेलं नाही.

मग ठमाबाई पलीकडच्या दरीतून पाणी आणू लागली. पानाचा द्रोण तोंडात धरायचा आणि उन्हात चालत यायचं. जायला-यायला अर्धा दिवस जाई. उरलेल्या अर्ध्या दिवसात कंदमुळं खणायची. पोरं अर्धपोटी राहू लागली.

"बघा, बघा," शेषराव वरून म्हणाले. "अर्धा दिवस नुसती भटकत असते. पोरांच्या पोटात काय घालणार?"

आणि एके दिवशी दुपारी वारं सुटलं.

बेहड्याचं झाड कडकडलं. शेषरावांना वाटलं, शेजारचं असेल. ते त्यांचंच होतं. शेंडा खाली आला, घरटं खाली आलं आणि शेषरावही खाली आले.

शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या तोंडासमोर माती होती. त्यांनी माती इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. मागचा पाय हलत नव्हता. पोपट, वानरं, हरोळ्या दुसऱ्या झाडांवर निघून गेली होती. ज्यानं त्यानं आपापलं बघावं, हे त्यांना शेषरावांनीच शिकवलं होतं.

कुणीतरी त्यांना शेपटीला धरून ओढू लागलं.

"सोड! चोर!" शेषराव ओरडले.

"आवं, गप ऱ्हावा," ठमाबाई म्हणाली. "कोल्हा फिरतोय हितं. आत चला."

बिळात अंधार होता आणि नऊ पोरं होती. ती सगळी शेषरावांच्या शेपटीवर चढली. असलं मऊ अंथरूण त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"ए, पोरा, खाली उतर!" शेषराव म्हणाले.

नऊजणांनी एकदम विचारलं, "कोण? मी?"

असं चार-पाच वेळा झालं. शेवटी शेषरावांना एकेकाला नावानं हाक मारावी लागली. येसू सारखी बडबडत असे. भिवाला अंधाराची भीती वाटे आणि हे तो कुणाला सांगत नसे. कोंडी सगळ्यांत धाकटी होती, आणि तिला दोन दिवस ताप होता.

ठमाबाई आता बाराव्या तोंडासाठीही पाणी आणू लागली. अकरावं तोंड तिच्या म्हाताऱ्या सासूचं होतं. ते मी सांगायचं विसरलो. शेषरावांना दोन घोट मिळत. आठव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की द्रोण फिरून झाला की ठमाबाई रिकामा द्रोण नुसता चाटते.

त्यांना बरं वाटलं नाही.

"मी पाणवठ्यावर जाऊन येतो," ते म्हणाले. "पन्नास पावलांवर तर आहे. तिथे माझी ओळख आहे."

ते तीन पायांवर खुरडत गेले. मुंगूस पानांचा गठ्ठा घेऊन बसला होता.

"या, रावसाहेब," तो अदबीनं म्हणाला. "दाखला?"

"अरे, हा नियम मीच केला आहे!"

"म्हणूनच म्हणतो. तुमच्याच नियमाला आम्ही बाधा कशी आणावी?" त्यानं एक पान पुढं ओढलं. "राहायला जागा?"

"बेहडा होता. पडला."

"का पडला?"

"वारं सुटलं ना!"

"वारं सगळ्यांनाच सुटलं. बाकीची झाडं उभी आहेत."

"मुळांना वाळवी लागली होती, असं खाली आल्यावर कळलं."

"वेळेवर लक्ष का दिलं नाही?"

"मी शेंड्यावर राहत होतो! मुळं मला दिसणार कशी?"

मुंगसानं लिहिलं : मुळांकडे दुर्लक्ष. मग त्यानं पुढचा प्रश्न वाचला. "देवाला काय वाहता?"

"काही नाही. म्हणजे पहाटे एक फळ सूर्याला. पण ती परंपरा आहे."

"परंपरेला रकाना नाही, रावसाहेब. धर्मात धरतो. आता शेवटचं. तुमच्या आजच्या परिस्थितीला तुम्ही स्वतः जबाबदार आहात, हे मान्य आहे का?"

"नाही! मुळीच नाही! मी काय केलं?"

"नाही म्हटलं की बेजबाबदार. नापास."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर ही तहान तुम्हीच ओढवून घेतली. मग पंचायतीनं पाणी का द्यावं?"

हा प्रश्न शेषरावांनी काढला, तेव्हा वानरांनी फांद्या हलवून दाद दिली होती. समोर पाणी चमकत होतं. एक टिटवी दाखला दाखवून पाणी पिऊन गेली. शेषराव तसेच खुरडत परत आले.

बिळाच्या तोंडाशी गिरमा चिचुंद्री बसली होती. ती ठमाबाईला सांगत होती, "तू कशाला त्याचं करतीस? ही वरची मंडळी सगळी एका माळेचे मणी. ह्यांना ना माया, ना लाज. उद्या पाय बरा झाला की तुझ्याच नावानं बोंब मारंल."

शेषराव बाहेरच थांबले. आपल्याबद्दल असं कुणी बोलतं, हे त्यांना नवीन होतं. त्यांना फार राग आला. वरचे सगळे एकसारखे कसे असतील? हरोळ्या वेगळ्या, वानरं वेगळी. ही काय बोलायची पद्धत झाली?

"असतील बाई," ठमाबाई म्हणाली. "मला सगळी कुठं ठावं हायेत? मला एकच ठावं हाय, आन् त्याचा पाय मोडलाय."

शेषराव बाहेरूनच खाकरले. मग आत गेले.

रोज सकाळी त्यांच्यापुढं चार दाणे आणि एखादा कंद असे. ठमाबाईची सासू पहाटे कुठूनसं आणून ठेवी. शेषरावांना आधी संशय आला होता, की यांच्याकडे असतं, लपवून ठेवतात. त्या दिवशी त्यांनी विचारलंच.

"ठमाबाई, हे दाणे येतात कुठून?"

"वारुळोबाचे हायेत."

शेषरावांचा घास तोंडातच राहिला.

"ज्याच्याकडं असंल त्यानं तिथं ठेवायचं," ती म्हणाली. "ज्याच्या बिळात दाणा न्हाई, त्यानं पहाटं उचलायचं. तवा बाकीच्यांनी तिकडं फिरकायचं न्हाई, असा नेम हाय. शेजाऱ्याकडं मागायला जीव लाजतो, रावसाहेब. देवाचं घ्यायला लाज न्हाई. म्हागल्या साली आमी ठेवत होतो. औंदा उचलतो."

"आणि देव काय खातो?"

"त्यो मातीचा हाय. त्याला कुठं आलंय पोट?"

शेषरावांनी घास गिळला. गेले आठ दिवस ते त्याच देवाचं खात होते, ज्याच्यामुळे खालची मंडळी गरीब राहिली होती. त्यांनी भिवाला शेपटीखाली घेतलं.

महिन्याभरात पाय जुळला. थोडा वाकडा राहिला. शेषराव आधी अस्वलतात्यांकडे गेले.

"तात्या, तो अर्ज रद्द करा. माझं चुकलं."

अस्वलतात्या अंग खाजवत म्हणाले, "शेषराव, एकदा सुरू केलेला अर्ज रद्द कसा करणार? त्याला समिती लागते. समिती पावसाळ्यानंतर बसते."

"तोपर्यंत पोरं मरतील."

"ते समितीपुढं मांडा."

शेषराव तिथून थेट पाणवठ्यावर गेले. मुंगूस दुपारचा डुलक्या घेत होता. शेजारी पळसाच्या पानांचा गठ्ठा होता. बाळांनो, शेकरू हा कुरतडणारा प्राणी आहे, हे जंगलात सगळे विसरले होते. शेषराव स्वतःही विसरले होते. त्यांनी पहिलं पान उचललं आणि कुरतडलं. मग दुसरं. शेवटच्या प्रश्नाशी दात थोडे जास्त जोरात लागले. दोनशे पानांचा भुगा झाला.

मुंगूस जागा झाला आणि घाबरला. "आता हो काय करायचं?"

"पंचायतीला कळव, की अर्ज गहाळ झाले. कुणी केले, तेही कळव. आणि अर्ज नसेल, तर नापास कसं करणार?"

मुंगसानं विचार केला. नियमात याचं उत्तर नव्हतं. तेवढ्यात ठमाबाई कोंडीला पाठीवर घेऊन आली. मुंगसानं मान दुसरीकडे वळवली. कोंडी पोटभर पाणी प्यायली. मग बाकीची आठ आली. मग गिरमा आली. पाणी सगळ्यांना पुरलं; तळाचा थोडा गाळ मात्र पोटात गेला.

शेषराव मग एका हिरड्याच्या झाडावर चढले. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, आयुष्यात प्रथमच. वाकड्या पायामुळे चार वेळा घसरले. खालून येसू ओरडत होती, "डावीकडं धरा! डावीकडं!" त्यांनी डावीकडं धरलं.

ते परत आल्याचं कळलं, तशी संध्याकाळी सगळी मंडळी जमली. पोपट फार उत्सुक होते.

"शेषराव, तुम्ही तर प्रत्यक्ष राहून आलात! सांगा, कशी असतात ती?"

"कोण?"

"ती हो. खालची."

"गिरमा तिरसट आहे," शेषराव विचार करत म्हणाले. "पण कोंडीच्या तापात तीच उशाशी बसली होती. भिवा भित्रा आहे, पण साप आला तेव्हा तोच पुढं झाला. सासूबाई—"

"तसं नव्हे," एक वानर म्हणालं. "एकूण, एकूण कशी असतात?"

शेषरावांनी पुष्कळ विचार केला. "एकूण मला कुणी भेटलं नाही," ते म्हणाले.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. पोपटांनी जांभया दिल्या. मग हळूहळू सगळे उठले आणि पलीकडच्या सावरीवर गेले. तिथं एक तरुण धनेश बोलायला लागला होता. तो फारच छान बोलत असे. तो जमिनीवर कधीही उतरलेला नव्हता.

तात्पर्य : बाळांनो, ज्यांना नावं ठेवायची असतील, त्यांची नावं चुकूनही विचारू नयेत. मग ठेवायला एकही नाव उरत नाही आणि संध्याकाळ रिकामी जाते.