एकूण कोण?

सासऱ्यांना चार्ट दाखवायचा, हे शिवकुमारनं ठरवलं ते निव्वळ रागाच्या भरात. (शांत डोक्यानं घेतलेले त्याचे निर्णय याहून वाईट निघाले होते, तो भाग वेगळा.)

झालं असं, की त्याच्या बायकोची, मंजुश्रीची, नांदेडच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली. महिनाभर तिथंच राहायचं आणि ते पुरं केलं की मुख्याध्यापिका व्हायचा रस्ता मोकळा. लातूरच्या शाळेत इतकी वर्षं गणित शिकवून तिला ही संधी आली होती. तिनं लगेच उदगीरला माहेरी फोन लावला. तिचे वडील गुरुबसप्पा यांचं तिथं आडतीचं दुकान, आणि आवाजही आडतीचाच, त्यामुळे फोन स्पीकरवर नसता तरी शिवकुमारला सगळं ऐकू आलं असतं.

"जा की पोरी," अप्पा म्हणाले. "पर मागं घर कोण बघणार? जावईबापू?"

आणि ते हसले. चांगले खोकला येईपर्यंत हसले.

तेवढ्यात मागून सासूबाईंचा, पार्वतम्मांचा, आवाज आला, "मी येती की ऱ्हायला. जावयाला उपाशी ठिवायचं का?"

मंजुश्रीचा चेहराच उतरला. मागच्या वेळी ती अशीच हिंगोलीला शिबिराला गेली होती, तेव्हा अव्वा, म्हणजे तिची आई, लातूरला राहायला आली आणि आठवडा व्हायच्या आत "जावई वाळून चालला" म्हणून रडून-ओरडून तिला परत बोलावून घेतलं. (जावयाची पँट तेव्हा कमरेत घट्ट होत होती, पण अव्वाला कोण सांगणार?) शिबिर अर्धवट राहिलं ते राहिलंच. अव्वा आली की नांदेडचंही तेच होणार, हे नवरा-बायको दोघंही पुरतं ओळखून होते.

शिवकुमारनं फोन हिसकावला. "मामी, यायची काय बी गरज न्हाई! ह्या घरातलं अर्ध्याच्या वर काम मीच करून राहिलो."

"व्हय का?" पलीकडून आडतीचा आवाज आला.

"हाव! पुरावा देतो. रविवारी या. चार्टच दाखवतो."

फोन ठेवल्यावर मंजुश्री त्याच्याकडं वळली. "अर्ध्याच्या वर?"

"मग काय! हटायचं न्हाई आता."

"नका हटू. पर अव्वा जर ऱ्हायला आली, तर मी तुमाला सोडणार न्हाई."

शिवकुमार एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. तक्ते करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कसलाही तक्ता असो, त्याच्या तळाशी जाड रेघ आणि रेघेखाली 'एकूण' ही ओळ आल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. (त्याच्या लग्नात बोलवायच्या पाहुण्यांच्या यादीखालीही 'एकूण' होतं, आणि आचाऱ्यानं त्या नावाचं एक पान जास्तीचं धरलं होतं.) चार्ट मात्र त्यानं आजवर काढला नव्हता. ते काम साहेब बाहेरून करून घेत.

रविवारी सकाळी तो लॅपटॉप घेऊन बसला. एका रकान्यात नावं, दुसऱ्यात कामाचे तास. नळाचं पाणी भरणं हे त्याचं काम अगदी खरं होतं. लातूरचा नळ मनात येईल तेव्हा येतो आणि तो आला की शिवकुमार असेल तिथून पळत सुटतो. पण तेवढ्यानं आकडा फुगेना. मग त्यानं 'उतू जाणाऱ्या दुधाकडे बघणे', 'बेल वाजल्यास दार उघडणे' आणि 'मंजुश्री स्वयंपाक करताना शेजारी उभे राहणे' हेही धरलं. मंजुश्रीच्या स्वयंपाकाचे तास त्यानं निम्मेच लावले, कारण स्वयंपाक तिला आवडतो आणि आवडीचं काम धरत नाहीत, असा नियम त्यानं तिथल्या तिथं केला. अखेर त्याचा आकडा तिच्यापेक्षा केसभर वर गेला.

आधी आले उभे खांब. दोन्ही जवळजवळ सारखेच, त्यात काही दम नव्हता. मग रेघेचा चार्ट घेतला, तर एकच रेघ शिवकुमारपासून मंजुश्रीपर्यंत उतरत गेली, जणू संसारच घसरणीला लागला होता. शेवटी पाय चार्ट आला, भाकरीसारखा गोल, आणि शिवकुमार खूश झाला. त्यानं आपला तुकडा भगवा केला, जरा बाहेर ओढून ठेवला, त्याला सावली दिली. मंजुश्रीचा तुकडा फिकट करड्या रंगात टाकला. मग अक्षरं पांढरी करावीत म्हणून एक बटण दाबलं तर मागची बाजूच पांढरी झाली आणि दोन्ही नावं गडप. ती शोधायला दुसरं बटण दाबलं, तर तुकडेही गेले.

"तुझ्या मायला तुझ्या!" तो लॅपटॉपला म्हणाला. "माझ्याशी पंगा घेतूस व्हय?"

आणि दाराची बेल वाजली. मंजुश्री दार उघडायला गेली. (चार्टनुसार ते शिवकुमारचं काम होतं.) त्यानं घाईघाईनं चार्ट पुसला, सवयीच्या हातानं तक्ता वरपासून खालपर्यंत, जाड रेघेखालच्या ओळीसकट, निवडला, पाय चार्टचं बटण दाबलं आणि वायर टीव्हीला जोडली. केलेलं बघायला वेळ होता कुठं?

चहा झाला. शिवकुमारनं छाती काढून टीव्ही लावला.

अप्पांनी चष्मा चढवला. "ह्यो निळा तुकडा कुणाचा?"

"माझा, मामा."

"केशरी?"

"मंजुश्रीचा. जरा बारीकच हाय, बघा."

"आन ही निम्मी करडी भाकर? पन्नास टक्के काम एकटाच करून राहिलाय की गडी! एकूण कोण हाय?"

शिवकुमारनं वळून टीव्हीकडं पाहिलं. तक्त्याच्या तळाची बेरीजच तिसरा तुकडा होऊन आली होती. गोलाचा बरोब्बर निम्मा भाग अडवून 'एकूण' ऐसपैस बसला होता. खरं सांगावं, तर कचेरीतल्या वरिष्ठ लिपिकाला साधा चार्ट येत नाही हे कबूल करायचं, आणि तेही ज्या माणसानं खोकेपर्यंत हसून घेतलं होतं त्याच्यासमोर! जीव गेला तरी बेहत्तर, असं त्यानं मनाशी म्हटलं.

"यारू हा एकूण?" पार्वतम्मांनी अर्ध्या कन्नडमध्ये विचारलं. "गडी ठिवला का काय?"

मंजुश्री हातात ट्रे घेऊन उभी होती. पोरांच्या वह्यांत असल्या चुका तिनं ढिगानं पाहिल्या होत्या, तिला सगळं क्षणात कळलं. एका वाक्यात तिनं नवऱ्याची अब्रू काढली असती. पण तिनं ट्रे शांतपणे खाली ठेवला.

"हाव अव्वा, गडी ठिवलाय. लई कामाचा हाय एकूण. तुला यायची गरजच न्हाई."

"कुठला म्हनायचा?" अप्पांनी विचारलं.

"बिलोलीचा," शिवकुमारच्या तोंडून निघून गेलं.

"तरीच. तिकडं असली नावं असत्यात. दिसंना कुठं?"

"रविवारची सुट्टी असती त्याला."

अप्पांनी चष्मा काढून खिशात घातला आणि मोठा श्वास सोडला. "मग जा पोरी, बिनघोर जा. जावयाच्या भरवशावर घर टाकून चालली म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकूण हाय म्हणल्यावर काय काळजी न्हाई."

शिवकुमार जिंकला होता. फक्त जिंकल्याचं सगळं श्रेय जन्मालाच न आलेल्या माणसाला गेलं, एवढंच.

नांदेडच्या गाडीत बसताना मंजुश्री खिडकीतून म्हणाली, "तुमचं काम, माझं काम आन एकूणचं काम. नीट बघा सगळं. मी आता अर्ध्यातनं येणार न्हाई."

"येऊच नको! मी बघून घेतो," शिवकुमार ताठ मानेनं म्हणाला. आणि खरंच त्यानं बघून घेतलं. भाकरी नकाशासारख्या होत, वरण कधी आमटी होई तर कधी पिठलं, पण उदगीरला फोन करून हार मानायची नाही, यावर तो अडून बसला.

अशात एका सकाळी नळ आला. शिवकुमारनं कचेरीत रजा कळवली, लुंगी खोचली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि पिंपं भरून झाल्यावर साचलेली भांडी घेऊन मोरीत बसला. दार उघडंच होतं. मागून चपला काढल्याचा आवाज आला आणि सासूबाईंचा ओळखीचा गळा म्हणाला, "एकूण का रं तू?"

त्याच्या हातातली कढई निसटली. वळावं तर एकूणचं बिंग फुटणार आणि मंजुश्रीला बोलावणं जाणार. त्यानं टॉवेल भुवयांपर्यंत ओढला आणि आवाज जाड केला. "हाव, माय."

"मालक कुठं हाय?"

"हापिसात."

"बरं. पानी दे जरा."

त्यानं तोंड फिरवून तांब्या पुढं केला. पार्वतम्मांची नजर त्याच्या बोटावर थांबली.

"अंगठी झ्याक हाय की रं."

"मालकानं दिली."

"मालकाला कुणी दिली?"

"त्यायच्या सासूनं. धोंड्याच्या महिन्यात."

"सासू चांगली दिसती."

"लई चांगली, माय."

"हं. त्या कढईचं बूड राहिलं बघ."

त्यानं बूड घासलं. मग त्यांनी दाखवलेला तवा घासला, ओटा पुसला, पिंपांवर झाकणं ठेवली. पार्वतम्मा खुर्ची ओढून समोरच बसल्या होत्या. सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी फोन काढून लेकीला लावला.

"पोरी, मी लातूरला आली हाय. न्हाई न्हाई, ऱ्हायला न्हाई, आत्ताच्या गाडीनं माघारी चालली. तू तिकडं पुरं शिक, मी काय तुला बोलवत न्हाई. घर चकचकीत हाय." मग त्या मोरीकडं तोंड करून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "आन खरं सांगू का? जावयापेक्षा एकूणच बरा हाय."

निघताना त्यांनी पिशवीतून शेंगापोळ्यांचा डबा काढून त्याच्या ओल्या हातात दिला. "घे. जावयासाठी आणल्या व्हत्या, पर राबून राहिलास तू. आन औंदा धोंड्याच्या जेवणाला बी तूच ये, एकूण." चपला घालताना त्या थांबल्या. "मालकाला सांग, त्यायला यायची काय बी गरज न्हाई."