बिनकानाचा ससा

समाज टिकतो तो कल्पनाशक्तीमुळे नव्हे, तर तिला वेळीच आवर घातल्यामुळे. जगातल्या थोर राष्ट्रांना हे सत्य रक्त सांडून कळलं. आमच्या मेपल टेरेसला ते भोपळ्याच्या बिया सांडून कळलं.

मेपल टेरेस ही ओहायोतल्या वेदरबी गावातली एक गल्ली. सारखी घरं, सारखी हिरवळ आणि रहिवासी मंडळाच्या नियमानुसार सारख्याच रंगाच्या पत्रपेट्या. (रंगाचं अधिकृत नाव ‘शांत करडा’. गल्लीत त्याला ‘नॉर्बर्टचे पायमोजे’ म्हणतात.) माझं अर्धं आयुष्य इथेच गेलं. नाव श्रीपाद, गल्लीने पहिल्याच दिवशी त्याचं ‘शेरी’ केलं. मंडळाची काही पत्रं मला अजूनही ‘मिसेस शेरी’ या नावाने येतात. मी तीही उघडतो.

नॉर्बर्ट प्रूइट हे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. शाळेच्या उपमुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना, आणि त्याच सुमारास मंडळाला अध्यक्ष मिळेना. अशा दोन गरजांची गाठ पडली की संस्था भरभराटीला येते. त्यांच्या काळात गल्लीने जी प्रगती केली ती सांगावी तेवढी थोडी. गवताची उंची मोजायची पट्टी त्यांच्या खिशात कायम असे. कचऱ्याचा डबा ठरल्या वेळेआधी रस्त्यावर आला तर डब्याच्या मालकाला नोटीस, उशिरा आत गेला तरी नोटीस. वाऱ्याने किणकिणणाऱ्या घंट्या ‘संगीत’ या सदरात मोडतात की ‘उपद्रव’ या, याचा निकाल लागेपर्यंत आमच्या दारातल्या घंट्यांना पायमोजे बांधून ठेवण्याचा आदेश होता. ते आम्ही बांधले. करडेच बांधले.

अध्यक्षांचा चेहरा गोल गरगरीत, डोक्यावर एक केस नाही, गाल फुगलेले, डावी भुवई कायम वर चढलेली आणि पुढचे दोन दात ओठांची हद्द ओलांडून बाहेर आलेले. (हद्दीबाहेर गेल्याबद्दल त्यांनी नोटीस दिली नाही असे गल्लीत हे दोनच.)

तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मंडळाची निवडणूक होती आणि या खेपेला त्यांना पाडायचंच, हे सगळ्या गल्लीने ठरवलं होतं. ठरलं ते डोरीन हॅचेलच्या गॅरेजात, सफरचंदाच्या गरम रसाच्या आणि डोनटच्या साक्षीने. डोरीन मंडळाची उपाध्यक्ष, आणि आमची उमेदवारही तीच. ती घरं विकते. म्हणजे गळक्या तळघराला ‘पाण्याकाठची जागा’ म्हणताना तिची पापणी लवत नाही. नेतृत्वाला याहून अधिक काय लागतं?

“यंदा म्हातारा गेलाच पाहिजे,” डोरीन म्हणाली.

“गेला म्हणजे? मेला पाहिजे की पडला पाहिजे?” एवाल्ड श्टुम्फने विचारलं. एवाल्ड गल्लीच्या टोकाला एकटाच राहतो. नेमकं काय ते विचारायची त्याला जुनी खोड आहे, म्हणून त्याला फारसं कोणी बोलावत नाही.

“पडला, एवाल्ड. मतांनी.”

“मग ठीक. नाहीतर मला हा डोनट खाली ठेवावा लागला असता.”

आता भोपळ्यांकडे वळतो. हॅलोविनला दारात कोरीव भोपळा ठेवून आत मेणबत्ती लावायची, ही इथली रीत. मंडळ त्याची स्पर्धाही घेतं. मागच्या वर्षी एवाल्डने आपल्या भोपळ्याला मोठं तोंड कोरलं आणि आतल्या बिया-गर त्या तोंडातून बाहेर पायरीवर पसरून ठेवला, म्हणजे भोपळा ओकतो आहे असं दिसावं. ही इथली जुनीच गंमत आहे. पण भोपळ्याचं तोंड नेमकं अध्यक्षांच्या घराकडे होतं आणि अध्यक्षांचं वार्षिक भाषण आदल्याच दिवशी झालं होतं.

“हा भोपळा कोणाला उद्देशून ओकतो आहे?” अध्यक्षांनी जाऊन विचारलं.

“भोपळ्यालाच विचारा,” एवाल्ड म्हणाला.

त्यातून यंदाचं परिपत्रक जन्माला आलं. ‘कोरीवकामातून निघणारे अनिष्ट अर्थ टाळण्यासाठी प्रत्येक घराने मंडळाने मंजूर केलेला एकच छापील साचा वापरावा. साचा कार्टूनमधल्या एखाद्या परिचित व आनंदी पात्राचा असावा. कोणीही स्वतःच्या मनाने तोंड कोरू नये.’ भीतीच्या सणातून भीती काढून टाकणं हे कोणाला विचित्र वाटेल. पण ज्या समाजाने साबुदाण्याच्या खिचडीने उपवासातली भूक काढून टाकली त्या समाजात मी वाढलो आहे. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

साचा निवडायचं काम उपाध्यक्ष म्हणून डोरीनकडे आलं. तिने लहान मुलांच्या कार्यक्रमातला टबल्स नावाचा ससा निवडला. लांब कान, कानांच्या मधोमध खलाशाची टोपी, फुगलेले गाल, एक भुवई वर आणि दोन दात. इंटरनेटवर फुकट मिळाला. पण यंदा भोपळे दांडगे होते आणि साचा छोटा. म्हणून डोरीनने वाचनालयातल्या यंत्रावर तो मोठा करून त्याच्या प्रती काढल्या आणि घरोघर वाटल्या. (अध्यक्ष परीक्षक, म्हणून त्यांच्या घरी तेवढी दिली नाही.)

“डोरीन, याचे कान कुठे गेले?” मी माझी प्रत बघून विचारलं.

“कागदाबाहेर. टोपीपण गेली. चेहरा मोठा करायचा तर कुठेतरी कापलं जाणारच, शेरी.”

“पण बिनकानाचा ससा म्हणजे...”

“अरे, दात आहेत ना? दात दिसले की ससा कळतो लोकांना.”

घर विकतानाही ती छपराबद्दल असंच काहीतरी सांगत असावी. मी प्रत घेऊन घरात गेलो.

साच्यावरून भोपळा कोरणं ही फार शिस्तीची कला आहे. आधी भोपळ्याचं टोपण कापून आतला गर खरवडून काढायचा. मग साचा चिकटपट्टीने बाहेरून लावायचा आणि त्याच्या रेषांवर टाचणीने भोकं पाडत जायचं. आपल्याकडे रांगोळीचा भोकांचा कागद असतो तसंच साधारण. कागद काढला की भोपळ्यावर नुसते ठिपके उरतात. ते बारीक करवतीने जोडायचे. कोरणाऱ्याला चेहरा कधी दिसत नाही, फक्त पुढचा ठिपका दिसतो. (“सरकारी नोकरीत असंच असतं,” माझी बायको वैजू म्हणाली. ती गर काढत होती, हात बरबटलेले होते, म्हणून मी वाद घातला नाही. त्या गराचे घारगे होतात का, तेही तिने करून पाहिलं. होत नाहीत.)

हॅलोविनच्या संध्याकाळी अंधारू लागलं तसे सगळे आपापल्या पायऱ्यांवर आले. अध्यक्षांनी घरातूनच शाळेतली जुनी शिटी फुंकली. शिटीसरशी साऱ्या गल्लीने एकदम मेणबत्त्या लावायच्या, असा नियम होता. आम्ही लावल्या.



“श्रीपाद,” वैजू हळूच म्हणाली, “आपल्या पायरीवर अध्यक्ष बसलेत.”

मी वाकून पाहिलं. केस नसलेलं गोल डोकं. फुगलेले गाल. डावी भुवई वर. आणि दोन दात. समोरच्या पायरीवर तेच. शेजारी तेच. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नॉर्बर्ट प्रूइट ओळीने पेटले होते आणि भुवई चढवून एकमेकांच्या हिरवळीकडे बघत होते. यंदा हॅलोविनला खरी भीती कोणाला वाटली असेल तर ती आम्हाला.

डोरीन रस्त्यावर धावत आली. “विझवा! अरे विझवा पटकन!”

पण तोवर अध्यक्ष बक्षिसाची फीत घेऊन बाहेर पडले होते. मागोमाग त्यांची बायको लॉर्ना. पहिल्या भोपळ्यापाशी ते थांबले. दुसऱ्यापाशी जरा जास्त थांबले. तिसऱ्यापाशी त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि पुन्हा आत ठेवली. आम्ही प्रत्येकजण मनातल्या मनात नोटिशीचा मसुदा वाचू लागलो होतो.

“नॉर्बर्ट,” लॉर्ना म्हणाली, “अरे, हा तू आहेस. सगळीकडे तूच आहेस.”

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली. (उरलासुरला संशयही त्याबरोबर फिटला.) त्यांचे ओठ थरथरत होते. आम्हाला वाटलं, राग. तर ते रडत होते.

“मला कळलं होतं सगळं,” ते म्हणाले. “ती गॅरेजातली बैठक. मी दिसलो की तुमचं गप्प होणं. मी लॉर्नाला म्हटलंसुद्धा, हे लोक मला काढणार. आणि तुम्ही... तुम्ही हे लपवत होता होय?”

आम्ही आपापल्या भोपळ्याकडे बघू लागलो.

“तीस वर्षं शाळेत काढली,” अध्यक्ष म्हणाले. “निरोपाच्या केकवर ‘नॉर्मन’ लिहिलं होतं. मी तोच केक सगळ्यांना कापून वाटला. माझा चेहरा कोणाच्या लक्षात असेल असं मला कधी...” लॉर्नाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

अशा वेळी माणसाने काय करावं हे कोणत्याही परिपत्रकात नसतं. वैजूने डोळे पुसले. मीही पुसले, आपले डोळे कोरडे आहेत हे दिसायला नको म्हणून.

“अध्यक्षसाहेब,” एवाल्ड म्हणाला, “तो ससा आहे.”

लग्नाच्या पंगतीत कोणी बाराव्याचा विषय काढावा तसे आम्ही त्याच्याकडे बघू लागलो.

“ससा?”

“टबल्स. कान कागदाबाहेर गेलेत. डोरीनला विचारा.”

सगळ्या माना डोरीनकडे वळल्या. एक शब्द बोलायचा होता. ‘हो’. त्या एका शब्दात सत्य होतं, निवडणूक होती, आमच्या घंट्यांची सुटका होती. आणि समोर एक म्हातारा टोपी छातीशी धरून उभा होता.

“ससा कसला?” डोरीन म्हणाली. “एवाल्ड, तू आधी चष्मा बदल.”

“नाहीतर काय!” गल्ली म्हणाली. मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

अध्यक्ष हसले. “एवाल्डचा विनोद मला आता कळायला लागलाय,” ते म्हणाले आणि त्याच्या पायरीपाशी गेले. तिथे मात्र हाताने कोरलेले दोन त्रिकोणी डोळे आणि एक वाकडं तोंड होतं.

“आणि हा कोण?”

“हा भोपळा.”

“नियमात बसत नाही, एवाल्ड.”

“माहीत आहे.”

अध्यक्षांनी त्याला अतिशय प्रेमाने बाद केलं. पहिलं बक्षीस डोरीनला मिळालं, ‘साम्य साधल्याबद्दल’. फीत तिच्या गळ्यात अध्यक्षांनी स्वतः घातली. गावच्या साप्ताहिकात फोटो आला: मध्ये भोपळा, एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला त्यांना पाडायला निघालेली उमेदवार. तिघांचेही दात दिसत होते.

त्यानंतर निवडणूक ती काय व्हायची? गळ्यात फीत घालून घेतलेल्या बाईला विरोधी उमेदवार म्हणून उभं राहता येईना. अध्यक्षांचं नाव तिनेच सुचवलं. एवाल्डने विचारलं, “दुसरं नाव कोणाचं?” त्याला सांगण्यात आलं की एकमताच्या वेळी दुसरं नाव विचारणं बरं दिसत नाही. हात वर झाले. माझाही झाला. वैजूने माझ्याकडे पाहिलं. मग तिचाही झाला.

खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. अध्यक्षांनी कोणाला नोटीस दिली नाही. जाता-येता ते आपल्या चेहऱ्यांना न्याहाळत आणि आम्हाला हात करत. पण कोरलेला भोपळा तो; त्याला कुजणं चुकत नाही. आधी गाल बसले. मग दात आत वळले. खारींनी नाकं खाल्ली. आपली अशी अवस्था बघणं कोणत्याही नेत्याला जडच जातं. तेव्हा नवं परिपत्रक निघालं: ‘भोपळे कचऱ्यात टाकणे अनुचित असून ते आपोआप नाहीसे होईपर्यंत जागेवरच ठेवावेत. खारींना आवर घालण्याची जबाबदारी ज्या-त्या घराची राहील.’ पाठोपाठ पहिली नोटीस आली. ती आम्हालाच. आमच्या पायरीवरच्या अध्यक्षांचं डोकं आत पडलं होतं.

शेवटी थंडी आली, पहिला बर्फ पडला, भोपळ्यांचा काळा लगदा झाला आणि एका सकाळी कचऱ्याच्या गाडीने तो फावड्याने खरवडून नेला. अध्यक्ष खिडकीतून बघत होते. तक्रार कोणाकडे करणार?

इथपर्यंत वाचून तुम्ही हसला असाल. हसा. अमेरिकेतली माणसं भोळी, एका चुकीच्या साच्यापायी साऱ्या गल्लीने एका टकल्याचा चेहरा दारात लावला, असंही म्हणाल. मान्य. पण आमच्या अध्यक्षांचा चेहरा चुकून लागला होता, आणि तो महिन्याभरात कुजलाही. मागच्या खेपेला मी तुमच्या गावी आलो तेव्हा चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला होता. नाक्यावर तोच, दवाखान्यासमोर तोच, शाळेच्या कुंपणावर तोच. वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता, भाऊ मात्र उन्हात तसेच ताजे. फ्लेक्स कुजत नाही हो, आणि खारीही तो खात नाहीत. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा होत्या. तिसऱ्या रांगेत, कोपऱ्यात, गॉगल लावून हात जोडलेला एक चेहरा फार ओळखीचा वाटला.

तुम्हीच ना तो?