वारसास्थळातील पाण्यास स्पर्श करू नये

आमच्या गावात गरम पाण्याचा एक झरा होता आणि त्यात लोक पाय बुडवून बसत, ही बाब नगरपालिकेच्या लक्षात यायला सत्त्याण्णव वर्षं लागली. लक्षात आल्यावर मात्र तिने विलंब केला नाही. या प्रकरणी नेमलेल्या उपसमितीचा मी तांत्रिक सदस्य होतो, तेव्हा पुढील हकिगत अधिकृत समजावी.

गाव ब्रिटिश कोलंबियातलं, डोंगरातलं, कॅल्गरीहून गाडीने साडेचार तास. नाव स्टिंकी क्रीक. गंधकाच्या वासावरून पडलेलं आणि अगदी योग्य पडलेलं. मी शरदचंद्र सरदेशपांडे. कॅल्गरीत एका तेल कंपनीत सत्तावीस वर्षं पाइपलाइनी आखल्या आणि २००६ साली रिटायर झालो. आमच्या ओळखीतले लोक रिटायर झाले की मुलांजवळ कॉन्डो घेतात. आम्ही या आडगावात घर घेतलं ते केवळ सौभाग्यवतींच्या, म्हणजे प्रमोदिनीच्या, गुडघ्यांपायी. ऑपरेशनची वेटिंग लिस्ट दीड वर्षाची, आणि तिला ऑपरेशन नकोच होतं. तिचं माहेर संगमेश्वराकडचं. तिथे हायवेच्या कडेला गरम पाण्याचं कुंड आहे, आणि तिच्या घराण्यात गुडघा धरला की डॉक्टर नाही, कुंड. इथला झरा पाहिला तेव्हा तिने मोजे काढले, पाय आत सोडले आणि म्हणाली, "अहो, घर बघा इथेच. मी काही आता उठत नाही."

जुन्या लाकूडतोड्यांनी झऱ्याभोवती दगडी टाकं बांधलं होतं. प्रमोदिनी रोज सकाळी तिथे जायची. बाहेर उणे पंचवीस असलं तरी डोक्याला कानटोपी घालून, पाय पाण्यात सोडून, गावातल्या चार गोऱ्या म्हाताऱ्यांबरोबर बसायची. त्यांना तिने आवळासुपारीची चटक लावली होती. तीन वर्षांत ती चक्क मांडी घालून बसायला लागली.

२००९च्या ऑक्टोबरात आमच्या मुलीचा, अनुयाचा, कॅल्गरीहून फोन आला. तिला दिवस गेले होते, जूनची तारीख होती. प्रमोदिनीने तिथल्या तिथे जाहीर केलं, "बाळाला न्हाऊ मी घालणार. जमिनीवर पाय लांब करून बसणार आणि पायांवर पालथं घेऊन घालणार. तुला तशीच घातली होती."

"मॉम, वी ऑलरेडी हॅव अ बेबी टब," अनुया म्हणाली.

"त्यात कपडे भिजव," प्रमोदिनी म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून टाक्यात पंधरा मिनिटं जास्त बसायला लागली.

त्याच आठवड्यात नगरपालिकेने टोरांटोहून एक सल्लागार बोलावला. गावातली लाकडाची मिल बंद पडली होती, तेव्हा आता पर्यटक आणायचे असं ठरलं होतं. सल्लागार गावभर फिरला, टाक्यात बसलेल्या पाच बायकांकडे त्याने बराच वेळ खेदाने पाहिलं आणि सभेत म्हणाला, "तुमच्याकडे पाणी आहे, पण वारसा नाही. नुसत्या पाण्याला कोण विचारतो?" मग त्याने इंग्लंडातल्या एका जुन्या स्नानगावाचे फोटो दाखवले. खांब, कमानी, टोप्या घालून फिरणाऱ्या बायका, चहा. सभागृहात सुस्कारे ऐकू आले. तिथल्या तिथे 'ऐतिहासिक इंग्लिश स्नाननगरी उपसमिती' स्थापन झाली. अध्यक्षपदी ग्लेंडा, निवृत्त ग्रंथपाल, कारण ती एकदा अकरा दिवस इंग्लंडला जाऊन आली होती. मला घेतलं ते पाइपांची माहिती म्हणून, आणि समितीच्या फोटोत थोडा रंग यावा म्हणून. खोटं कशाला बोलू, लेटरहेडवर नाव बघून मला गुदगुल्या झाल्या. पहिल्याच बैठकीत गावाचं नाव 'रॉयल अ‍ॅशबर्न वेल्स' झालं.

दुसऱ्या बैठकीत अभ्यासदौरा ठरला. ज्या इंग्लिश गावी गेलो त्याचं नाव सांगत नाही, कारण त्या गावाचा यात काही दोष नाही. तिथे रोमनांनी बांधलेला मोठा हौद आहे. त्यात हिरवं पाणी वाफाळत असतं आणि चारी बाजूंनी माणसं कानाला यंत्र लावून गंभीर चेहऱ्याने फिरत असतात. शेजारच्या दिवाणखान्यात तीन वादक व्हायोलिनं वाजवतात आणि ते ऐकत तुम्ही पेलाभर कोमट पाणी प्यायचं असतं. चव उकडलेल्या अंड्याची, पण तोंड वाकडं करायचं नाही. पुढे अर्धगोल वळणावर एकसारख्या घरांची रांग आहे, तिचा फोटो सगळे एकाच जागेवरून काढतात, त्यासाठी रांग असते. पण आमच्यावर खरा परिणाम केला तो हौदाकाठच्या पाटीने. 'पाण्यास स्पर्श करू नये.'

ग्लेंडाने माझा दंड धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघ," ती कुजबुजली, "गरम पाणी आहे, आणि आत एकसुद्धा माणूस नाही!"

मी अहवालात तसं नमूद केलं. संस्कृतीचा विकास मोजण्याचं हे एक साधं माप आहे, असंही वर जोडलं.

नोव्हेंबरात झऱ्याभोवती कुंपण आलं. प्रमोदिनी टॉवेल घेऊन गेली आणि दहा मिनिटांत परत आली. "अहो, त्या गेटवर तुमच्या सहीचा कागद लावलाय."

"तात्पुरतं आहे गं. वारशाच्या संरक्षणासाठी."

"कुठला वारसा? खांब तर अजून ट्रकमध्ये आहेत!"

हे खरं होतं. बावीस रोमन खांब व्हँकुव्हरच्या एका सिनेमाचे सेट बनवणाऱ्या कारखान्यातून आले होते. फायबरग्लासचे होते, कारण संगमरवर आमच्या हिवाळ्यात तडकतो. दोन खांब मुद्दाम मोडून आणवले होते, कारण इतिहासात असं होतं.

प्रमोदिनीने घरच्या बाथटबात उतरून पाहिलं. उतरली, पण वर यायला मला आणि शेजारच्या बाईला हात द्यावा लागला. मग गरम पाण्याची पिशवी झाली, तेल झालं, शेक झाला. ख्रिसमसपर्यंत मांडी गेली. फेब्रुवारीत ती जिना एकेक पायरी बसून उतरायला लागली. "जूनपर्यंत उघडेल ना हो?" ती विचारायची. मी म्हणायचो, "मे महिन्यातच." ते शब्दशः खरं होतं.

दरम्यान पाणी पिण्याचा दिवाणखाना बांधायला घेतला. आरोग्य निरीक्षकाने कळवलं की झऱ्याचं पाणी पिण्यायोग्य नाही, म्हणून तिथे नळाचं पाणी घेतलं. चाचणीला बोलावलेल्या पाहुण्यांनी तक्रार केली की या पाण्याला वास येत नाही, मग ते ऐतिहासिक कसं? तेव्हा त्यात वासाचं एक मान्यताप्राप्त द्रव्य घालायचं ठरलं. हे सगळं नियमाला धरून झालं. दिवाणखान्याच्या पायासाठी, गोठलेली जमीन मऊ करायला गरम तंबू ठोकून, सोळा पोलादी खांब जमिनीत उतरवायचे होते. नकाशा मी तपासला होता. अकरावा खांब उतरला आणि झरा बंद पडला. बुडबुड नाही, वाफ नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे कर्माने लेटरहेडवर सही केली होती.

तातडीची बैठक झाली. टाकं नळाच्या पाण्याने भरायचं, यावर दुमत नव्हतं. मी सुचवलं की निदान हीटर बसवू.

ग्लेंडाने चष्मा काढला. "नियम चौदा. ऐतिहासिक पाण्याचं तापमान कृत्रिमरीत्या बदलणं म्हणजे वारशाशी छेडछाड."

"पण हे पाणी आजच नळातून येणार आहे."

"आलं की ते ऐतिहासिकच होणार."

मतदान झालं. मी हात अर्धाच वर केला. इतिवृत्तात तो पूर्ण धरला गेला आणि ठराव एकमताने संमत झाला. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. गोपनीयतेचं कलम होतं, हे कारण मी स्वतःला सांगत होतो. लाज वाटत होती, हे खरं कारण.

एप्रिलमध्ये नोटीस लागली. पाण्यास स्पर्श करण्याची मुभा केवळ ऐतिहासिक व्यक्तींना राहील. अशा व्यक्ती उपलब्ध नसल्याने नट नेमण्यात येतील. त्यात एक भूमिका होती, 'अठराव्या शतकातील संधिवातग्रस्त उमराव स्त्री, दिवसातून दोनदा पाय बुडवणे'. प्रमोदिनीने त्याच दुपारी अर्ज भरला.

"अगं, तुला नाटकात..."

"नाटक कसलं मेलं त्यात? दुखतंय ते खरंच आहे. दिवसातून दोनदा म्हणजे बाळ यायच्या आत तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात गुडघे सुटतील माझे, बघा तुम्ही."

"पाणी जरा..." मी म्हणालो.

"जरा काय?"

"जरा ऐतिहासिक आहे."

"चालतंय मला," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला होता की माझी जीभ उचललीच नाही. माझ्या नोकरीत मी पंधराशे किलोमीटर पाइप तपासले, आणि बायकोला एक वाक्य सांगायची हिंमत झाली नाही.

मेअखेरीस, व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला उद्घाटन झालं. बाराशे लोक आले. कॅल्गरीच्या महाराष्ट्र मंडळाने बस केली होती. प्रमोदिनीला पांढरा केसांचा टोप आणि पिंजऱ्यासारखा झगा घातला होता. "याच्यापेक्षा नऊवारी बरी," एवढंच ती मला म्हणाली आणि फायबरग्लासच्या खांबांमधून, दोन नटांच्या आधाराने, अगदी आनंदाने टाक्याकडे निघाली. काठावर बसली. झगा गुडघ्यांपर्यंत घेतला. डोळे मिटले आणि दोन्ही पाय एकदम आत सोडले.

गावच्या नळाला येणारं पाणी डोंगरातल्या बर्फाचं होतं. सहा अंश.

"आई गं!" असा आवाज आला की मागचे लोकसुद्धा उठून उभे राहिले. तिने डोळे उघडले आणि गर्दीत मला शोधलं. मी खाली पाहिलं. टाळ्या थांबेनात. इतका अस्सल अभिनय आपण इंग्लंडातही पाहिला नाही, असं ग्लेंडा रडत रडत सांगत होती. पुन्हा, पुन्हा, अशा आरोळ्या आल्या. तिचे दोन्ही गुडघे धरले होते आणि तिला खुर्चीसकट उचलून आणलं, तेव्हा लोकांनी खुर्चीलाही टाळ्या दिल्या. घरी आल्यावर ती रागावली नाही. "तुम्हाला माहीत होतं," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

नात बारा जूनला झाली. नाव जाई. कॅल्गरीला अनुयाने आईसाठी वॉशरूममध्ये पाट मांडला, टॉवेल अंथरला, सगळं प्रमोदिनीने सांगितल्याप्रमाणे केलं. प्रमोदिनी भिंत धरून वाकली आणि अर्ध्यावर अडकली. खालीही जाता येईना, वरही येता येईना. मी आणि जावई देवेश, आम्ही तिला उचलून कमोडच्या झाकणावर बसवलं. बाळाला अनुयाने टबात न्हाऊ घातलं. प्रमोदिनी लांबून बघत होती. "पाणी गरम आहे ना गं?" तिने विचारलं. "कोपर बुडवून बघ आधी." मी बाहेर जाऊन गाडीत बसलो.

रॉयल अ‍ॅशबर्न वेल्स उत्तम चाललं आहे. संधिवातग्रस्त स्त्रीची भूमिका करायला पुन्हा कुणी तयार होईना, पण उद्घाटनाचं रेकॉर्डिंग होतं. आता टाक्याच्या काठावर ऐकायची यंत्रं आहेत. एक नंबर दाबला की रोमन साम्राज्य, चार नंबरला दिवाणखान्याचा इतिहास, सात नंबरला 'वेदनेचा अस्सल उद्गार'. सातचं बटण दोनदा झिजून बदलावं लागलं.

हे वाचून तुम्हाला समितीचा संताप आला असेल, माझा तर आलाच असेल. येऊ दे. पण गेल्या जुलैत तुम्ही आला होतात. मी खांबाला टेकून उभा होतो. तुम्ही यंत्र कानाला लावलंत आणि सात दाबलंत. त्या अख्ख्या गर्दीत ते दोन शब्द कळलेले तुम्ही एकटे होतात. तुम्ही दचकलात. मग हसलात, मुलांना हाक मारलीत, "अरे या या, ऐका, आपल्या मराठीत आहे!" आणि पुन्हा बटण दाबलंत.