गार कॉफीची तक्रार

ऑफिसात त्याला सगळे ‘होसाहेब’ म्हणत, कारण साहेबांनी काहीही विचारलं तरी घाबरून त्याच्या तोंडून ‘हो साहेब’ एवढंच निघे. त्याच सवयीने त्याने दूरच्या शाखेतल्या बदलीलाही होकार देऊन टाकला. बायकोची नोकरी इथे, आई अंथरुणाला खिळलेली. सोमवारी साहेबांपुढे उभं राहून नकार दिला नाही, तर बिऱ्हाड मोडल्यात जमा होतं.

म्हणून त्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई रविवारी त्याला सरावासाठी कॅफेत घेऊन आल्या. "इथली कॉफी नेहमी गार येते. तुम्ही तक्रार करायची, बस. मी कोपऱ्यात आहेच," म्हणून त्या जाऊन बसल्या.

कॉफी आली, गारच होती. आरशापुढे घोटलेलं वाक्य होसाहेबाने डोळे मिटून सोडलं, "कॉफी गार आहे." आवाज एवढा मोठा निघाला की सगळं कॅफे दचकलं. सगळ्यात जास्त दचकला तो स्वतःच.

"माझीही गारच आहे," शेजारचे आजोबा म्हणाले.

"मी तर लग्नाआधीपासून गार पितेय इथे," मागून एक बाई म्हणाल्या.

बघता बघता टेबलांवर कप आपटू लागले. वेटर आत पळाला आणि मालकाला घेऊन आला. मालक चांगला आडदांड होता. "काय झालं? कोण बोललं?"

"हे बोलतील आमच्या वतीने," आजोबांनी परस्पर जाहीर करून होसाहेबाकडे बोट दाखवलं.

होसाहेबाकडे वाक्य एकच होतं, तेच त्याने पुन्हा म्हटलं. मालकाने त्याच्याच कपातला घोट घेतला आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही? मला वाटायचं, लोकांना अशीच आवडते."

मालक स्वतः कप गोळा करत कोपऱ्यात पोचला. "बाई, तुमची?"

"छान आहे हो. अगदी छान," म्हणत डॉक्टरीणबाईंनी कप घट्ट धरला.

होसाहेबाने जाऊन कपाला हात लावला आणि तो हबकलाच. "डॉक्टर, ही तर बर्फ झालीय."

"असू दे. कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा," त्या पुटपुटल्या.

होसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने त्यांच्या हातातून कप काढून घेतला आणि मालकाला सरळ सांगितलं, "यांचीही बदला."

मालक निमूटपणे कप घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उद्या साहेबांशी बोलून झालं की जरा माझ्या दवाखान्यात याल? आमच्या रिसेप्शनिस्टशी बोलायचं होतं. ती मला रविवारची सुट्टीच देत नाही."