रामोजी अण्णांचे हंस

आमचे शेजारी रामोजी अण्णा नव्या माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या सदऱ्याचं टोक चाटून बघतात.

मीही सुटलो नाही. पुण्याहून इकडे तमिळ मुलखात, आवडी गावात राहायला आलो, त्याच दिवशी जिन्यात त्यांनी निकाल दिला, "हिरड्याचा तुरटपणा नाही, मंजिष्ठेचा रंग नाही. अय्यो, पुणेकर, अंगात प्लास्टिक घालोन हिंडता?" सदऱ्यात पासष्ट टक्के पॉलिस्टर होतं. तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर धरायला हवं.

अण्णा तंजावरकडचे मराठी. गणवेशाच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं कापड तपासलं. निवृत्तीनंतर एका जुन्या तुकड्याचा फोटो त्यांच्या हाती लागला. मध्ययुगात गुजरातेत लाकडी ठशांनी छापून जहाजानं इजिप्तला गेलेलं सुती कापड, त्यावर हंसांची रांग. तसं कापड आता ते घरीच छापतात. काळ्या रंगासाठी स्वयंपाकघरात तीन मडक्यांत गूळ, पाणी आणि गंजके खिळे मुरत असतात. वास चोवीस पायऱ्या खाली येतो. मी मोजल्यात.

सोसायटीचे सेक्रेटरी नाक धरून वर आले. "सार, मडक्यात काय आहे?"

"औषध."

"कोणाला?"

"रुक्माबाईस."

रुक्माबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सात महिने त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. सेक्रेटरींनी पुन्हा एकदा मडक्यांकडे पाहिलं आणि पोलिसांना कळवावं का, असं मला हळूच विचारलं.

मागच्या रविवारी अण्णांनी मला कापड धरायला बोलावलं. दहा ओळी, ओळीत बारा हंस. मी मोजून म्हणालो, "अण्णा, सातव्या ओळीतला नववा उलटा छापलाय."

"हळू बोला हो!" ते दटावून म्हणाले. "मुद्दाम केला. जन्मभर मी कारखान्यात लोकांच्या चुका काढल्या, आणि घरी ही माझ्या. कॉफी पातळ, बटण चुकलं, चप्पल उलटी. एक सोडली नाही. सात महिने झाले, मज कोणी बोल लावला नाही, पुणेकर."

हे अकरावं कापड. आधीच्या दहांवर रुक्माबाईंनी नुसता हात फिरवला होता.

आम्ही ते त्यांच्या पलंगावर पसरलं. त्यांचं बोट रांगेवरून सरकत गेलं, सातव्या ओळीत अडलं, मागे आलं, पुन्हा तिथेच थांबलं. ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले.

"वेंधळे!" त्या म्हणाल्या.

अण्णांनी चष्मा काढला आणि वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणालीस? मोठ्याने बोल. ऐकू आले नाही."